गारांच्या मागचं आभाळ

माझा धाकटा भाऊ ढग बघायच्या नोकरीला लागला तेव्हा अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "त्याचा पगार देतात?" अण्णा म्हणजे आमचे वडील. पनवेलच्या एका भातगिरणीत ते इंजिन सांभाळत. आयुष्यभर इंजिनाशेजारी राहून त्यांचे कान निम्मे गेले होते, त्यामुळे ते घरातही गिरणीतल्यासारखेच ओरडून बोलत. हा प्रश्न अख्ख्या आळीने ऐकला आणि पुढचे आठ दिवस लोक मला रस्त्यात थांबवून विचारत होते, की खरंच पगार देतात का.

देत होते. मुंबईत एका ठिकाणी ढग टिपणारं रडार बसवलेलं होतं आणि भाऊ तिथे पाळीवर जाई. एका सुट्टीत त्याने मला पाटीवर चित्र काढून सगळं समजावलं. अंधारी खोली, तिच्यात ताटाएवढा गोल काचेचा पडदा. पडद्याच्या मध्यापासून निघालेली उजेडाची एक रेघ घड्याळाच्या काट्यासारखी फिरत राहते. यंत्र बाहेर लहरी फेकतं, त्या पावसाच्या थेंबांवर आपटून परत येतात, आणि जिथून परत येतात तिथे पडद्यावर डाग उजळतो. डाग म्हणजे पाऊस. काळं म्हणजे काही नाही.

"इतकं सोपं?" मी विचारलं.

"इतकं सोपं," तो म्हणाला. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. त्याला सगळंच सोपं वाटे.

मी सत्तावीसची होते आणि त्याच गिरणीत वजनकाट्याशी बसत होते. साठ सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. गावातली मुलगी गिरणीत कामाला बसते हे लोकांनी महिनाभर बघितलं, मग बघायचं सोडून दिलं. माझ्या टेबलावर गिरणीचा फोन असे. गावात फोन मोजकेच होते आणि मुंबईहून ट्रंक कॉल मिळणं नशिबाची गोष्ट होती. पण भावाचा कॉल चटकन लागायचा. त्याने तिकडच्या फोनवाल्या मुलीशी ओळख काढली होती. पुढे ती आमची भावजय झाली, तेव्हा कॉल का लागायचा ते आम्हाला कळलं.

आता मावशी. ती आमच्या नात्यातली नव्हे. खाडीकाठच्या आगरी वस्तीत ती राहायची, तिचं भात आमच्या गिरणीत भरडायला यायचं, आणि दर वर्षी नव्या मिठाची एक टोपली ती आमच्या दारात आणून रिकामी करायची. ठेंगणी, काटक बाई. तिचा नवरा पंधरा वर्षं मिठागर करत होता. जमीन मालकाची, मेहनत यांची. नवरा गेला तेव्हा आगर आपल्यालाच मिळणार असं तिच्या दिराने धरून ठेवलं होतं. शेजारचं आगर तो करतच होता, मधे फक्त एक बांध. पण तेरावं उरकल्यावर मावशी सरळ मालकाच्या ओटीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "मी करीन."

मालक पनवेलातलाच. त्याला भांडण नको होतं. त्याने सांगितलं, "एक हंगाम कर. वैशाख संपताना मी बघायला येईन. रास उभी असली तर आगर तुझं, नाहीतर तुझ्या दिराचं."

दिराने हे बांधावर उभं राहून ऐकवलं, "वयनी, मीठ वडायला हात लागतात, ते तुला हायेत. पन आभाल बगायला डोला लागतो. बाईमानसाला आभाल कलतं काय?"

मावशीने मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती. पण मी तिचं भात काट्यावर घेत होते आणि ती माझ्याकडे न बघता काट्याकडे बघत होती. ती घाबरली आहे हे मला तेवढ्यावरून कळलं.

घाबरण्यासारखंच होतं. मिठागराचं काम डोळ्यांना सोपं दिसतं. भरतीचं पाणी बांधातल्या झडपेतून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवायचं, उन्हाने ते आटतं आणि तळाला मीठ धरतं. ते लाकडी फावड्याने ओढायचं, बांधावर निथळत ठेवायचं, मग टोपल्यांनी वाहून उंच जागेवर मोठी रास घालायची आणि तिच्यावर भाताच्या पेंढ्याचं छप्पर शाकारायचं. चार-पाच महिन्यांची मेहनत त्या एका राशीत असते. आणि एक अवकाळी सर आली तर वाफ्यातलं मीठ पुन्हा पाणी होतं, उघडी रास कडेने वितळायला लागते. म्हणून मिठागरात ज्याला आभाळ कळतं तोच शहाणा.

आभाळ कळण्याची तिथली रीत सरळ होती. कर्नाळ्याच्या किल्ल्यावर जो सुळका आहे, त्याला सगळे अंगठा म्हणतात. खाजणातून, म्हणजे खाडीलगतच्या मिठागरांच्या पट्ट्यातून, तो स्वच्छ दिसतो. अंगठा दिसतोय तोवर काम करा. अंगठा झाकला गेला की हातातलं टाका आणि रास झाका. बस, इतकंच. मात्र अंगठा झाकला जातो तेव्हा पाऊस पोचायला अर्धा तास राहिलेला असतो, कधी तेवढाही नाही. दिराकडे आठ माणसं होती, त्याला अर्धा तास पुरे. मावशीकडे दोन.

मी तिला म्हटलं, "मावशी, माझा भाऊ मुंबईहून ढग बघतो. अंगठा झाकण्याच्या दोन तास आधी त्याला कळेल."

"मुंबयशी? तितनं त्याला कर्नाला दिसतो?"

"कर्नाळा नाही, ढग दिसतो."

"बाय, आमाला कर्नाला दिसतो त ढग कलत नाय. आनि त्याला कर्नाला नाय दिसत न ढग कलतो?" ती पोटभर हसली. पण दुसऱ्या दिवशी आली आणि टेबलाला टेकून हळूच म्हणाली, "सांग त्याला बगायला."

पाडव्यानंतर भावाचा पहिला कॉल आला. घाटाच्या बाजूने ढग सरकतोय, संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे. मी खाजणाकडे निघालेल्या एका गाडीवानाकडे निरोप धाडला. वाफ्यात धरलेलं मीठ दुसऱ्या दिवशी ओढायचं होतं, ते मावशीने त्याच दुपारी ओढून घेतलं. संध्याकाळी सर आली. दिराचे सहा वाफे पाणी झाले. पंधरा दिवसांनी पुन्हा तसंच. त्यानंतर खाजणात सगळे भावाला 'आभालवाला' म्हणायला लागले आणि मला 'आभालवाल्याची बईन'. रस्त्यात मला थांबवून लोक आता पगाराचं विचारत नव्हते, पावसाचं विचारत होते. मला ते आवडत होतं. खोटं कशाला सांगू?

दीरसुद्धा एकदा गिरणीत येऊन गेला. भरडायला काही आणलं नव्हतं. काट्याशी उभा राहून त्याने इंजिनाकडे बघितलं, छपराकडे बघितलं, आणि मग विचारलं, "तुज्या भावाचा काय निरोप?"

"बाईमाणसाकडून आलेला चालेल का?" मी म्हटलं.

"तुजा भाव बाप्यामानूस हाय ना," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता.

मालक यायला चार दिवस होते तेव्हाची गोष्ट. मावशीची रास पुरी झाली होती, शाकारून झाली होती, वाफ्यात आता ओढण्यासारखं काही उरलं नव्हतं. दिवसभर असह्य उकाडा होता. दुपारी तीनच्या सुमाराला वारा एकदम पडला आणि गिरणीत दिवा लावावा इतकं अंधारलं. भावाचा कॉल यायला हवा होता, आला नाही. नंतर कळलं की त्याची पाळीच तीनला सुरू होत होती. मी दारात जाऊन बघते तोच छपरावर काहीतरी खणकन आपटलं. मग दुसरं. मग अख्खं छप्पर.

गारा. बोराएवढ्या, काही त्याहून मोठ्या. आमच्याकडे गारा म्हणजे आठ-दहा वर्षांतून एखाद्या वेळी. गिरणीला पत्र्याचं छप्पर, त्यामुळे आतला आवाज असा, की अण्णांनी इंजिन बंद करून मला विचारलं, "काही वाजतंय का?"

आणि त्या आवाजात फोन वाजला. तो वाजतोय हे मला ऐकू आलं नाही, टेबल थरथरलं म्हणून कळलं. मी रिसीव्हर घेऊन टेबलाखाली बसले आणि डोक्यावर दोन रिकामी पोती ओढली.

"ताई, तुमच्यावर मोठा डाग आहे!" भाऊ ओरडत होता. "मी आत्ताच आलोय पाळीवर. पाऊस पडतोय का?"

"गारा पडताहेत!"

"काय?"

"गारा! बोराएवढ्या!"

"खरंच?" तिकडे त्याला इतका आनंद झाला, की तो कोणाला तरी हाका मारायला लागला. परत फोनवर येऊन म्हणाला, "म्हणूनच एवढा लखलखीत दिसतोय! असा डाग मी अजून बघितलाच नव्हता. पातळ व्हायला लागलाय तुमच्या बाजूला, आमच्याकडे सरकतोय."

"त्याच्या मागे काय आहे?"

"मागे काही नाही. स्वच्छ काळं."

"नीट बघ."

"बघतोच आहे ताई. एकच ढग होता. पार घाटापर्यंत काही नाही."

दहा मिनिटांत गारा थांबल्या. निरोप धाडायला रस्त्यावर माणूस नव्हता, म्हणून गिरणीची सायकल काढली आणि मीच निघाले. रस्ता गारांनी पांढरा झाला होता, दोनदा घसरून पडले. कोपर फुटलं. पण डोक्यात एकच होतं, की मी चांगली बातमी घेऊन चालले आहे.

खाजणात सगळे राशींभोवती जमले होते. राशी उभ्या होत्या, पण पेंढ्यात गारा रुतल्या होत्या. पावसाचं पाणी पेंढ्यावरून घसरून खाली जातं. गार तशी जात नाही. ती पेंढ्यात अडकून बसते आणि थेंब थेंब आत सोडत राहते. तासाभरात मीठ आतून ओलं होऊन बसायला लागतं. जुन्या माणसांनी सांगून ठेवलेलं होतं, की गारा पडल्या तर पेंढा उतरवायचा, रास झटकायची, पेंढा कोरडा करून मग परत चढवायचा. फक्त तेवढा वेळ रास उघडी पडते. म्हणून सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. अजून पाऊस आहे की नाही?

मी सायकल बांधावर टाकली. मावशी धावत आली.

"काय बोलतो आभालवाला?"

"मागे काही नाही. एकच ढग होता. उघडा."

मावशीने वळून कर्नाळ्याकडे बघितलं. तिथे राखाडी भिंत होती. "आंगठा दिसत नाय गो."

"गारांचं धुकं आहे ते, मावशी. सगळीकडे वाफ चढली आहे, बघा ना. भावाने नीट बघून सांगितलंय."

हे वाक्य माझं. भावाने धुक्याबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. मी ते माझ्या मनाने, अगदी सहज, जोडून दिलं. इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशीचं दुसरं काही आठवलं नाही तरी हे वाक्य आठवतं.

बांधापलीकडून दिराने ते ऐकलं. तो हात वर करून ओरडला, "उगडा रे! आभालवाल्यानं सांगलाय! पुरी उगडा!" त्याची आठ माणसं राशीवर तुटून पडली. पाव तासात त्याची रास नागडी उभी होती आणि पेंढ्याचा ढीग बांधावर. मावशीकडे तीच दोन माणसं, ती स्वतः, आणि फुटक्या कोपराची मी. आम्ही खाडीकडची बाजू उतरवली आणि केरसुण्यांनी गारा झटकायला लागलो. मिठावर पडलेली गार बघता बघता विरघळते आणि खाली बोटभर खड्डा सोडते. अख्ख्या राशीला देवी आल्यासारखं दिसत होतं.

"चला, आता डोंगराकडची बाजू," मी म्हटलं.

"दम खा गो. हात हायेत का पंखे?" मावशी म्हणाली.

तेवढ्यात वारा आला. गार वारा, डोंगराकडून. मी वर बघितलं तर राखाडी भिंत आता कर्नाळ्यावर नव्हती. ती आमच्या समोर होती, शेवटच्या बांधापाशी.

तो पाऊस नुसता पाऊस होता, गारा नव्हत्या, पण असा कोसळला की समोरचं माणूस दिसेना. दिराचा बांधावरचा पेंढा वाऱ्याने उचलला आणि पेंढीपेंढीने खाडीत नेऊन टाकला. त्याची माणसं दोन-चार पेंढ्या पकडायला धावली आणि चिखलात पडली. आमच्याकडे खाडीच्या बाजूला मीठ पाण्यासारखं उतरत होतं, पण डोंगराकडच्या बाजूचा पेंढा दोरीने बांधलेला तसाच होता, आणि पाऊस त्याच बाजूने येत होता. आम्ही उतरवलेला पेंढा मुठीमुठीने परत लावत होतो. तो राहत नव्हता. मावशी दोरी घेऊन राशीला मिठी मारल्यासारखी चिकटली होती आणि दोरीचं दुसरं टोक धरायला माणूस नव्हतं.

दीर बांधावर उभा होता. त्याच्याकडे वाचवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"उभा काय रेलास?" मावशी त्याच्यावर ओरडली. "धर!"

तो आला. त्याने दोरी धरली. पाऊस थांबेपर्यंत धरून राहिला. मग दोरी सोडली, माझ्याकडे वळून म्हणाला, "तुज्या भावाला पगार देतात ना?" आणि निघून गेला.

भाऊ तिसऱ्या दिवशी रजा काढून आला. मी फोनवर त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. एस.टी.तून उतरला तो तोंड पाडूनच. मावशीही गिरणीत आली होती. तिला कारण हवं होतं. राग नव्हता, कारण हवं होतं. दोन दिवसांनी मालक येणार होता आणि दिराने आधीच जाऊन सगळा दोष गिरणीच्या बायवर टाकला होता.

"चूक माझीच," भाऊ म्हणाला. "आम्हाला शिकवलेलं असतं. तू गारा म्हणालीस तेव्हाच मला आठवायला हवं होतं. मी तो डाग बघून नुसता खूश झालो." मग तो लहरी, थेंब, परावर्तन असं काहीतरी सांगायला लागला. मावशी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मी म्हटलं, "सरळ सांग."

त्याने इकडेतिकडे बघितलं. गिरणी चालू होती, कांडपाचं यंत्र मधोमध घरघरत होतं, पलीकडच्या दारापाशी अण्णा उभे होते. भावाने मावशीला दंडाला धरून अलीकडच्या दारात उभं केलं.

"मावशी, अण्णांना हाक मारा."

मावशीने हाक मारली. तिचा आवाज खाडीपलीकडे जाणारा, पण यंत्राच्या घरघरीत तो निम्मा बुडाला. अण्णांनी काहीतरी ऐकून मान वळवली. त्यांचं तोंड हललं.

"ओ दिली का त्यांनी?" भावाने विचारलं.

"दिली आसंल. मला नाय आयकू आली."

"का नाही?"

"मधी ह्या राक्षस हाय ना."

"बघा. तुमची हाक जाताना निम्मी खाल्ली, त्यांची ओ येताना बाकीची खाल्ली. मी डोळे मिटून इथे उभा असतो, तर म्हणालो असतो की पलीकडे माणूसच नाही. माझं यंत्र असंच हाका मारतं. साध्या पावसातून हाक थोडीफार पलीकडे जाते. गारा ओल्या आणि जाड. त्या हाक अशी परतवतात की पडदा लखलखतो, आणि उरलेली इकडेतिकडे उधळून, गिळून टाकतात. पलीकडच्या ढगापर्यंत जेमतेम पोचली, तरी त्याची ओ परत त्याच गारांमधून यायची. माझ्यापर्यंत काही आलंच नाही. गारा तुमच्यावर पडून माझ्याकडे सरकत होत्या, म्हणजे बरोबर माझ्या आणि त्या दुसऱ्या ढगाच्या मधे. पडदा काळा होता. मी म्हणालो, तिकडे काही नाही."

मावशीने यंत्राकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे तुला दिसला नाय, आनि तू बोललास नाय हाय."

"हो."

"ती चूक."

"हो."

अण्णा यंत्राला वळसा घालून आले आणि ओरडले, "मला कोण हाक मारत होतं?"

मालक ठरल्या दिवशी आला. डोक्यावर छत्री, ती उन्हासाठी. मी गिरणीतून रजा घेऊन गेले होते, कारण दोष माझ्यावर येणार असेल तर तो तिथे उभं राहूनच घ्यावा असं माझं मत. दिराची रास निम्म्याहून कमी राहिली होती, आणि राहिली होती तीही दगडासारखी बसली होती. मावशीच्या राशीची खाडीकडची कड गेली होती. बाकी रास उभी होती, वर नवा पेंढा.

मालकाने दोन्ही राशींना फेरी मारली. "झालं कसं?" त्याने विचारलं.

दीर माझ्याकडे बोट करून बोलायला लागला, पण मावशीने त्याला थांबवलं आणि मालकाला गारांचा सगळा प्रकार सांगितला. गिरणी, यंत्र, हाक, ओ, सगळं. भावापेक्षा चांगलं सांगितलं. शेवटी म्हणाली, "पोराचा कान नाय चुकला, शेट. मधी गोंगाट व्हता." धुक्याचं वाक्य तिने सांगितलं नाही. मीच पुढे होऊन सांगितलं. मालकाने माझ्याकडे बघून मान हलवली. त्याला त्यात फारसा रस नव्हता.

"पण बाई," तो मावशीला म्हणाला, "निरोप दोघांना एकच मिळाला. याने पूर्ण रास उघडली, तू अर्धीच उघडलीस. म्हणजे तुला आभाळ कळतं."

मी मनात म्हटलं, झालं. आता नुसती मान हलव आणि घरी चल.

"कसला आभाल, शेट," मावशी म्हणाली. "मानसं दोनच व्हती. निम्मीच उगडून झाली."

मी तिच्या पायावर पाय दिला.

"पाय कशाला देतंस गो?" ती मोठ्याने म्हणाली.

दीर पहिल्यांदा हसला. मालकाने छत्री मिटली. "मग तुला आगर का द्यायचं?"

मावशीने राशीकडे हात केला. "तुमी काय बोललेलाव? रास उभी असली तर आगर तुजा. उभी हाय. कशी उभी रेली पायजे, ते तुमी बोललेलाव नाय."

मालकाने राशीला आणखी एक फेरी मारली. मग म्हणाला, "खरं आहे. ते मी बोललो नव्हतो." त्याने छत्री उघडली. "कर पुढच्या वर्षी."

"मंग दोन मानसं वाडवून द्या."

"मावशी," परत जाताना मी तिला म्हटलं, "दोन माणसं जास्त असती तर तुमचीही रास पूर्ण उघडली असती."

"गप गो," ती म्हणाली. बांध संपला तिथे थांबली. मग म्हणाली, "तुज्या भावाला सांग. गारा दिसल्या का त्याने सांगायचा नाय. इचारायचा."

तो निरोप मी जसाच्या तसा पोचवला आणि भावाने तो पाळला. पुढच्या हंगामात, चैत्र उलटल्यावर एका दुपारी फोन वाजला.

"ताई, तुमच्या आणि आमच्या मधे लखलखीत डाग आहे. गारा असतील. त्यामागे मला काळं दिसतंय. तुमच्याकडून काय दिसतं?"

मी रिसीव्हर टेबलावर ठेवला, गिरणीच्या पाण्याच्या टाकीची शिडी चढले आणि दक्षिणेकडे बघितलं. खाली उतरून फोन घेतला.

"अंगठा दिसतोय."

"नीट बघितलास?"

"नखासकट," मी म्हटलं, आणि खाजणाकडे निरोप धाडायला गाडीवान शोधायला गेले.